ओढणारी माणसं किती

टिपणीस सरांचा गिधाडांवर जीव होता. माझा नव्हता. गिधाडं मला लहानपणापासून नकोशी वाटायची आणि त्याचं कारण मी कुणाला सांगत नसे. पण नोकरी नेमकी गिधाडांचीच मिळाली. सर साठी ओलांडलेले पक्षिअभ्यासक, पाहणी वनखात्यासाठी करत होते; मी संख्याशास्त्राची पदवीधर. सरांना आकडेमोड करणारं माणूस हवं होतं, आणि दिवसदिवस रानात हिंडायला तयार असलेलं असं माणूस त्यांना मुंबईत मिळत नव्हतं. मी कर्जतला खोली घेऊन राहत होते, चढण चढताना मला धाप लागत नव्हती आणि एसटीत उभ्याने प्रवास करायला माझी ना नव्हती. सरांनी मला ठेवून घेतलं.

काम सरळ होतं. एका जुन्या वनाधिकाऱ्याने स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली गिधाडांची घरटी नकाशावर टिपून ठेवली होती. तो नकाशा सरांच्या हाती लागला. आता, सत्त्याहत्तर साली, तीच झाडं पुन्हा शोधायची, घरटी आहेत की गेली ते बघायचं आणि गेली असतील तर का गेली ते काढायचं. दर जागेला आम्ही एक तक्ता भरत असू. झाड कोणतं, बुंधा केवढा, पाणी किती लांब, रस्ता किती लांब, आजूबाजूला रान किती उरलंय. मग ते आकडे पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून मुंबईला जायचे. तिथं एका संस्थेत खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता. कार्डांचा गठ्ठा त्याच्यात घातला की कशाचा कशाशी संबंध आहे ते तो छापून द्यायचा.

भोकं पाडण्याबाबत सरांचा एक हट्ट होता. ते म्हणायचे, "मिस ओव्हाळ, 'माहीत नाही' आणि 'काहीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राला ते कळत नाही, ते रिकाम्या रकान्यालाही शून्यच समजतं. तेव्हा माहीत नसेल तिथं नऊ मारा. शून्य मारायचं ते खात्री असेल तेव्हाच." मला हा हट्ट आवडायचा. सरांचं जे थोडंफार मला आवडायचं, त्यात तो वरच्या नंबरावर होता.

पण कॉम्प्युटर काही केल्या बोलेना. झाडाच्या उंचीचा संबंध लागेना, पाण्याचा लागेना, रस्त्याचा लागेना. पळसदरीला धरणाच्या वरच्या अंगाला उंच बेहड्यांवर घरटी भरलेली होती. सरांनी लगेच ठरवलं, धरणाचं पाणी. मग लोधिवलीच्या वरच्या रानात पाणी असूनही झाडं रिकामी निघाली. सगळ्यात मोठा खड्डा पडला होता आसवलीला. नकाशावर तिथल्या आंब्यांच्या रांगेवर घरट्यांची दाटी होती आणि आता एकही नव्हतं. आंबे जागच्या जागी होते, ओढा होता, रस्ता होता तिथंच होता.

आसवली माझं गाव. हे सरांना माहीत होतं. गावाच्या कुठल्या टोकाला माझं घर, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ओव्हाळ या आडनावावरून त्यांना कळलंही असेल, पण असल्या गोष्टी न कळल्यासारखं वागणं म्हणजे सभ्यपणा, अशी त्यांची समजूत होती. मला त्याचा राग यायचा, आणि विचारलं असतं तर त्याचाही आला असता.

माघ संपत आला होता, घरट्यांत पिल्लं होती. एके दिवशी आम्ही पळसदरीच्या पुढे, ठाकुरवाडीच्या बाजूला रुळांच्या कडेने चाललो होतो. सकाळी एक गाय गाडीखाली आली होती. रुळांवर काम करणाऱ्या माणसांनी तिच्या पायांना दोर बांधून तिला उताराला ओढत नेलं, आणि आम्ही पोचतो तोवर वरून गिधाडं उतरायला लागली होती. सर दुर्बीण लावून कडेला बसले, त्यांचा चेहरा खुलला होता. मी त्या दोराकडे बघत होते. तो तिथंच गवतात पडला होता, चिखलाने आणि रक्ताने कडक झालेला.

माझ्या बाच्या उजव्या खांद्यावर एक गाठ आहे, लिंबाएवढी. वाशाची. मेलेल्या ढोराचे पाय बांधून, मधून वासा घालून चौघं-सहाजणं ते उचलायचे. उचलण्यासारखं नसेल तर दोराने ओढायचे, आणि गावाबाहेरच्या हाडांच्या माळावर नेऊन टाकायचे. हे काम आमच्या लोकांचं होतं. कुणी ठरवलं होतं ते विचारायची सोय नव्हती. छप्पन साली आमच्या घरांनी धम्म घेतला आणि त्यानंतर गावात पहिलं ढोर पडलं तेव्हा बा पाटलाच्या खळ्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता आमी नाय ओढायचो." गावाने आम्हाला वाळीत टाकलं. दुकान बंद, मजुरी बंद. माझी आई, पुतळाबाई, मिठासाठी चौक गावापर्यंत चालत जायची. मी पहिलीत होते. तेव्हा गिधाडं माळावर चकरा मारत राहायची, खाली उतरायची नाहीत, आणि शाळेतली पोरं मला विचारायची, "तुझे सोयरे उपाशी मेले का गं?" माझी नावड तिथली.

त्या गाईपाशी उभी असताना मला उत्तर कळलं. रुळांवर गुरं कापली जातात आणि उघड्यावर पडून राहतात, म्हणून पळसदरीची घरटी भरलेली. आसवलीच्या माळावर काही पडायचंच थांबलं, म्हणून आंबे रिकामे. गावाने आधी ढोरं शेतात पुरली; पुढे खालापूरकडून एक टेंपोवाला येऊन उचलून न्यायला लागला. झाडांत, पाण्यात शोधून काय सापडणार होतं?

त्यानंतर मला एका जागी बसवेना. खोलीवर गेले की बाहेर पडावंसं वाटे, बाहेर पडले की परत फिरावंसं वाटे. स्टोव्हवर दूध ठेवून मी स्टेशनपर्यंत चालत गेले आणि आले तो सगळी खोली करपट वासाने भरलेली. भीती साधी होती. हे लिहिलं तर त्याचा अर्थ असा निघणार, की यांनी ओढायचं सोडलं म्हणून गिधाडं गेली. त्याच्या पुढचं वाक्य कुणीही म्हणू शकत होतं. मग ओढा परत! माझ्या बाने उपाशी राहून जे टाकून दिलं, ते मीच, त्याच्याच कष्टाने शिकून, सरकारी कागदावर परत आणून ठेवणार होते.

मी गप्प बसलेही असते. पण सरांनी उत्तर शोधून काढलं. ते म्हणाले, "कातकरी. कोळशाच्या भट्ट्या. धुराने पक्षी जातात. वनखात्याला तसं कळवायला हवं."

"सर, आसवलीच्या आंब्यांखाली कधी भट्टी लागली नाही."

"जवळपास लागली असेल."

"तसा रकाना आहे तुमच्या तक्त्यात? भट्टी किती लांब?"

मी जरा आवाज चढवला होता. पण कातकऱ्यांना एकदा का वनखात्याच्या तोंडी दिलं की पुढे काय होतं ते मी पाहिलं होतं, आणि चुकीच्या आकड्याने कुणाच्या पाठीत काठी बसावी हे मला सहन होणार नव्हतं. मी म्हटलं, "मला एक नवा रकाना हवाय. आठवड्याभराने सांगते कशाचा."

मी गावोगाव फिरले. दर गावात आमच्या लोकांच्या वस्तीवर गेले, जयभीम घातला आणि एकच गोष्ट विचारली, ढोरं ओढायचं कधी सोडलंत? मला वाटलं होतं लोक टाळतील. कसलं टाळतात! चहा आल्याशिवाय कुणी सोडेना. खालापूरच्या अलीकडच्या एका वस्तीत येसूबाई नावाची म्हातारी होती, तिने मला हाताला धरून बसवलं.

"साल नाय सांगता यायचं गं मला. पदू पोटात व्हता तवा. गावातला मानूस बोलवायला आला, आन् माझा मालक दारात दाढी करीत बसलेला. तो मानूस म्हनतो, चल रं, म्हस पडली. ह्यो काय बोलंल तर शपथ. पुरी दाढी क्येली. मंग मिशी बी काढली. तो मानूस उभाच! शेवटाला गेला निघून." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बिनमिशीचा लय वंगाळ दिसायचा. पन मी काय बोलले नाय."

मी पदूचं वय विचारून साल काढलं. अशी मी बरीच सालं काढली. कुणाच्या लग्नावरून, कुणाच्या बाळंतपणावरून, एकीकडे तर विहिरीच्या कठड्यावरून. काही गावांनी लगेच सोडलं होतं, काहींनी फार उशिरा, आणि डोंगराच्या कडेच्या दोन गावांत ते अजून चालू होतं. त्या दोन गावांतल्या झाडांवर घरटी होती. हे मी कॉम्प्युटरच्या आधीच पाहिलं आणि मला आनंद झाला नाही.

कॉम्प्युटरने तेच छापून दिलं. कशाचा कशाशी संबंध लागत नव्हता, तो या एका रकान्याने लागला. सर कागदाची ती लांबलचक पट्टी घेऊन कर्जतला आले आणि दारातच ती उलगडायला लागले. "मिस ओव्हाळ, हे कुणीच पाहिलेलं नाही! हा अधिवासाचा प्रश्नच नाही. हा माणसांच्या रीतीचा प्रश्न आहे!"

"रीत नव्हती ती, सर."

"हो, म्हणजे… तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते." ते तेवढ्यावरच पुढे गेले. "आता एकच राहिलं. प्रयोग. आसवलीच्या त्या माळावर एक जनावर टाकायचं आणि बघायचं पक्षी उतरतात का. उतरले तर सिद्ध झालं. मी सरपंचांशी बोललोय, आबाजी पाटील. ते तयार आहेत."

"ओढणार कोण?"

"पूर्वी ओढत ते. माणसं आहेत, म्हणाले आबाजी."

"सर, ती माणसं आता ओढत नाहीत. माझ्या रकान्यात तेच तर आहे."

"कबूल. पण एका दिवसाचा प्रश्न आहे, आणि प्रयोग म्हणून. परिस्थिती तंतोतंत पूर्वीसारखी हवी, नाही तर तुलना कशाशी करणार? मी तक्त्यात तसे रकानेही घातलेत." त्यांनी नवा तक्ता माझ्यासमोर ठेवला. जनावर कोणतं, घरांपासून अंतर, वेळ, आणि त्याखाली सरांच्या सुबक अक्षरात: ओढणारी माणसं किती.

मी तक्ता पालथा ठेवला. एवढा राग आला होता की बोलले असते तर रडले असते, आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. मी म्हटलं, "आधी मी घरी बोलते. तोवर काही करू नका." ते बरं म्हणाले. त्यांनी ते ऐकलं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

शनिवारी मी आसवलीला गेले. आईने सुकट केली होती. बा अंगणात खाटेवर बसून चष्मा पुसत होता, त्याला पेपर वाचायचा नाद आहे. मी आत-बाहेर करत राहिले. आई म्हणाली, "एका जागी बस की गं! कोंबडीवानी काय फिरतीस?" मग तिने नेहमीप्रमाणे कुठल्यातरी बदलापूरच्या मुलाचा विषय काढला, रेल्वेत होता म्हणे, आणि मी नेहमीप्रमाणे तिच्यावर डाफरले. बाने विचारलं, "गिदाडांचं घावलं का काय?"

"नाय अजून," मी म्हटलं.

सकाळी सांगू, असं ठरवून मी आडवी झाले.

सकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि मी दारात तोंड धूत होते, तेव्हा वस्तीच्या कडेच्या उंबराखालून हाक आली. पाटलांचा गडी पोपट तिथं उभा होता. वस्तीत पाऊल न टाकता, उंबराखाली थांबून, हात तोंडाशी धरून ओरडत होता.

"धर्मा रं! ए धर्मा! पाटलाचा बैल पडला! चला, वासा-दोर घ्या!"

वीस वर्षांत बाच्या नावाने ती हाक आली नव्हती. आईचा हात भाकरीवर तसाच राहिला. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. बा खाटेवरून उठला, चष्मा घातला आणि उंबराकडे चालत गेला. मी ओल्या तोंडाने त्याच्या मागे.

"कुनी सांगितलं तुला बोलवायला?" बा म्हणाला.

पोपट जरा वरमला. त्याचं वय माझ्याएवढं. त्याने ही हाक कधी दिलेली नव्हती, कुणी तरी शिकवून पाठवला होता. "पाटलानं. पन पाटलाचं काय नाय त्यात. मुंबयचा सायब हाय, काल सांजपासनं आलाय. तो म्हनतो, आदी जसं करीत व्हते तसंच करा. सरकारी काम हाय. तुमची जयवंता बी त्यातच हाय नव्हं?"

बाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. सगळी वस्ती बघत होती. मी सगळं सांगितलं, तिथंच, उंबराखाली. नकाशा, रिकामे आंबे, मी गावोगाव विचारलेली सालं, कॉम्प्युटरने छापलेला कागद. "बा, तुमी ओढायचं सोडलंत म्हणून गिधाडं गेली, असं आकड्यांत निघतंय. मी तुला कालच सांगणार होते. मला धीर नाय झाला."

बाने खांद्यावरच्या त्या गाठीला हात लावला, त्याला ती सवय आहे.

"आकड्यात निघतंय?" तो म्हणाला. "कागदावर? समद्या गावांचं?"

"समद्या गावांचं."

"आमी सोडलं, ते ह्या गावानं कंदी कबूल क्येलं नाय. म्हनत्यात, टेंपो आला म्हनून बंद झालं. आबाजीचा बाप मरंस्तवर हेच सांगायचा." बाचा आवाज चढला नव्हता, पण त्याचे डोळे भरून आले होते. "आन् गिदाडांना ठावं हाय! पोरी, ह्यात तुला लाजायला काय झालं?"

मग तो पोपटकडे वळला. "सांग तुझ्या पाटलाला, नाय येत म्हनावं."

बाचं काम तिथं संपलं होतं. तो परत जाऊन खाटेवर बसला. माझं संपलं नव्हतं. मी तशीच तरातरा गावात गेले.

पाटलांचं खळं घराला लागूनच आहे. म्हातारा बैल खळ्याच्या मधोमध पडला होता, पोट फुगायला लागलं होतं. दोन दिवस तो घरघरत होता म्हणून आबाजींनी सरांना निरोप धाडला, आणि सर आदल्या संध्याकाळीच येऊन पाटलांच्या ओटीवर मुक्कामाला राहिले होते. गळ्यात दुर्बीण, हातात तक्ता. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलात? मी म्हणतच होतो. माणसं येतायत ना?"

"सर, पोपटने जाऊन कुणाला हाक मारली माहीत आहे? माझ्या वडिलांना. उंबराखालून, वस्तीत न शिरता, एकेरीत. ती हाक तंतोतंत तशीच होती. तुमचा प्रयोग छान जमलाय."

सरांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. मला त्यांची दया आली नाही, निदान तेव्हा तरी. आबाजी ओटीवरून म्हणाले, "अगं एक दिवसाचं काम, त्यात येवढं तापायला काय झालं? सायबांच्या जेवनाचं बी बगितलंय आमी."

"मग तुम्हीच ओढा की. बैल तुमचा आहे."

"आमी?" आबाजी खरोखरच बुचकळ्यात पडले. त्यांनी आपल्या दोन्ही मुलांकडे पाहिलं. मुलं जमिनीकडे बघत होती. "आमाला नाय जमायचं ते."

"टेंपो बोलवा मग."

"आज आयतवार. उद्याबिगर यायचा नाय तो."

सरांनी तक्ता ओटीवर ठेवला. दुर्बीण काढली. मग ते खळ्यात उतरले, दोर उचलला आणि बैलाच्या मागच्या पायांना बांधायला लागले. त्यांना गाठ मारता येत नव्हती. कशीबशी मारली आणि ओढायला लागले. त्यांचे बूट घसरत होते, बैल तसूभरही हलत नव्हता. पाटलांची मुलं उभीच्या उभी होती, पोपटही उभा होता. माझे हात आपोआप पुढे गेले होते. इतका म्हातारा माणूस, आणि शेवटी चूक कबूल करायची त्याची हीच तऱ्हा होती. पण मी हात मागे घेतले. मी तो दोर धरला असता तर बाच्या खाटेपाशी परत कशी गेले असते?

"सोडा, सर," मी म्हटलं. "एकट्याचं काम नाही ते."

ते दम खात बैलाशेजारीच बसले. "माझं चुकलं, मिस ओव्हाळ," ते म्हणाले. "फार चुकलं." मी ओटीवरचा तांब्या नेऊन त्यांना पाणी दिलं.

ऊन चढलं. बैल तिथंच राहिला. कावळे आले, मग कुत्री आली, आणि आबाजींच्या घरच्या बायकांनी पदर नाकाला लावून खिडक्या ओढून घेतल्या. मला निघून जायचं होतं आणि माझे पाय निघत नव्हते. तेवढ्यात सर वर बघायला लागले. पळसदरीच्या बाजूने, डोंगराच्या सोंडेवरून एक काळा ठिपका येत होता. त्याच्या मागे आणखी. ते गावावर गोल फिरले, फिरत फिरत खाली आले, आणि ताडपत्री झटकावी तसा आवाज करत पहिलं गिधाड पाटलांच्या पेंढ्याच्या उडवीवर बसलं. दुसरं गोठ्याच्या कौलांवर. बाकीची सरळ खळ्यात.

सर आणि मी धडपडत ओटीवर चढलो. आबाजी आत पळाले आणि दार लावून घेतलं. खळ्यात नुसता कल्ला चालला होता, मोठाली गिधाडं एकमेकांना ढकलत होती, माना आत घालत होती, आणि आतून पाटलांची सून किंचाळत होती. मला किळस आली. पण डोळे मात्र हलवता येईनात.

थोड्या वेळाने वस्तीवरची माणसं गल्लीच्या तोंडाशी जमली. बा पुढे होता, आई त्याच्या मागे. वीस वर्षांनी बा त्या खळ्यासमोर उभा होता. खिडकीची फट उघडली आणि आबाजींचा आवाज आला.

"धर्मा! अरे हाकल रं त्यांना! पोरं भ्याल्यात घरात!"

"आमी न्हाय बोलावलं त्यांना, आबाजी," बा म्हणाला. 'पाटील' म्हणाला नाही. "त्यांचं जेवान घालायचं काम आमी कवाच सोडलं. आता तुमच्या दारात आल्यात, तुमचं पावनं तुमी बगा."

गल्लीतून हसण्याची लाट उठली. पोपटसुद्धा हसला आणि त्याने तोंड फिरवलं. खिडकी बंद झाली.

सरांनी तक्ता घेतला, पण पेन्सिल माझ्याकडे दिली. मी लिहायला लागले. जनावर, बैल. घरांपासून अंतर, काहीच नाही. वेळ लिहिली. मग तो शेवटचा रकाना आला.

पुढे सरांनी अहवालात लिहिलं, की मेलेलं जनावर उघड्या माळावर पोचवायची जबाबदारी ज्याची त्याने, मालकानेच घ्यावी. कातकऱ्यांचा त्यात उल्लेख नव्हता, आणि माझ्या 'ओढायचं कधी सोडलं' या रकान्याचं नाव मी त्यांना बदलू दिलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी तक्ता हातात घेऊन ओटीवरून उतरले, भिंतीच्या कडेकडेने गल्लीत आले आणि बाजवळ उभी राहिले. त्याने चष्मा वर सारून कागद पाहिला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"ओढनारी मानसं किती," त्याने सावकाश वाचलं. "आन् पुढं हे शून्य. म्हंजे काय, ठावं नाय असं?"

"नाय, बा," मी म्हटलं. "ठावं नसलं तर नऊ लिहितात. शून्य म्हणजे खात्रीनं कुणीच नाय."

बाने बोट त्या शून्यावर तसंच ठेवलं. मग आईला जवळ बोलावलं आणि तिला वाचता येत नव्हतं तरी कागद तिच्यापुढे धरला.